एक ना धड, भाराभर चिंध्या

ही म्हण ऐकल्याशिवाय मराठी घरात कोणी मोठं होत असेल असं मला वाटत नाही. सतार सोडून तबला धरला, ऐकवा. तबला सोडून ट्रेकिंग सुरू केलं, पुन्हा ऐकवा. लिहिणाऱ्यांना तर ती हमखास मिळते. आज क्रिकेटवर, उद्या किल्ल्यांवर, परवा महागाईवर लिहिलंत की कोणीतरी काळजीच्या सुरात म्हणतंच, "अहो, एकच काहीतरी विषय धरा की!" आमच्या क्षेत्रात याच सल्ल्याला स्पेशलायझेशन म्हणतात आणि त्याचे पैसेही जास्त मिळतात. त्यामुळे सल्ला वाईट आहे असं म्हणायची सोय नाही.

पण गंमत अशी, की ज्या मराठी गद्यात आपण हा सल्ला देतो, ते गद्य उभं केलं ते बहुतांशी एक विषय न धरणाऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकातले आपले मोठे लेखक घ्या आणि त्यांच्या लेखांची नुसती यादी करा. चिंध्यांचा ढीग लागतो. मग त्या ढिगाचं काही झालं का, आणि झालं तर कशामुळे झालं, हा आजचा विषय. (हो, आज एकच विषय आहे!)

सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांपासून करावी लागते. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' निघालं तेव्हा हा माणूस जेमतेम विशीचा होता. सोबत भाऊ महाजन. पानावर दोन स्तंभ, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. आधी पाक्षिक, मग त्याच वर्षी मे महिन्यापासून साप्ताहिक. १८४० मध्ये 'दर्पण' थांबलं आणि त्याच वर्षी बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं, त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असं सगळं. मधल्या काळात एल्फिन्स्टनमध्ये शिकवणं, गणितावर आणि व्याकरणावर पुस्तकं लिहिणं, जुने ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यावर लेख लिहिणं, काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचं काम बघणं हे चालूच. १८४५ ला त्यांनी ज्ञानेश्वरीची शिळाछाप प्रत काढली, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. वय साधारण चौतीस.

आजच्या एखाद्या एचआरवाल्यापुढे हा रिझ्युमे ठेवला तर तो विचारेल, "पण तुम्ही नक्की करता काय?"

याचं सोपं उत्तर असं, की तेव्हा दुसरं कोणी नव्हतंच. मराठीत भूगोलावर लिहायला भूगोलवाला नाही, गणितावर लिहायला गणितवाला नाही. ज्याला इंग्रजी वाचता येतं आणि मराठी लिहिता येतं, त्यानेच सगळं लिहायचं. नवीन कंपनीत पहिला इंजिनियर जसा कोडही लिहितो, सर्व्हरही बघतो आणि प्रिंटर बंद पडला की तोही उघडून बसतो, तसंच काहीसं. हे उत्तर खरं आहे, पण पुरं नाही. कारण पुढची पिढी आली, शिकलेली माणसं वाढली, तरीही लोक एका विषयाला बांधून लिहायला लागले नाहीत. उलट जास्तच पसरले.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. गोपाळ हरि देशमुख, जन्म पुण्यात १८२३ साली. सरकारी नोकरीत भाषांतरकार म्हणून लागले, पुढे मुन्सफ आणि मग न्यायाधीश झाले. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये मुंबईत 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक सुरू केलं होतं. त्यात मार्च १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने पत्रं यायला लागली. लिहिणारा पंचवीस वर्षांचा. १८५० पर्यंत हे चाललं आणि एकूण पत्रं झाली १०८. म्हणायचं मात्र 'शतपत्रे'च.

टोपणनाव का, हे फार शोधायला नको. एकतर सरकारी नोकरी, त्यात राहायला पुणं, आणि लिहायचं ते पुण्याच्या ब्राह्मणांना झोंबणारं, स्वतः त्याच समाजातला असून. टोपणनाव सोयीचं असणारच!

या १०८ पत्रांत काय नाही? पेशवाई का बुडाली, आपल्याकडचं पाठांतराचं शिक्षण का निरुपयोगी, जातिभेद, बालविवाह, विधवांची अवस्था आणि पुनर्विवाह, दक्षिणा आणि फुकटचे जेवणारे, इंग्रजांचं राज्य कसं चालतं, पार्लमेंट म्हणजे काय आणि तसं काही इथे मागावं की नाही, परदेशी मालामुळे पैसा बाहेर जातो म्हणून जाडंभरडं का असेना इथलंच वापरावं... 'स्वदेशी' हा शब्द घोषणा व्हायच्या निदान पन्नास वर्षं आधी हे लिहिलेलं आहे. पत्रं काही फार लांब नाहीत. एक मुद्दा घ्यायचा, तो घरच्या भाषेत सडेतोड मांडायचा आणि थांबायचं. पुढच्या वेळी दुसरा मुद्दा.

पत्र या प्रकाराचा यात मोठा हात आहे असं मला वाटतं. ग्रंथ लिहायचा तर सुरुवात, मध्य, शेवट लागतो, आधी काय म्हटलं आणि पुढे काय म्हणायचं याचा मेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे ग्रंथ संपेपर्यंत कोणाला काही वाचायला मिळत नाही. पत्राला असलं काही लागत नाही. या आठवड्यात जे डोक्यात आलं ते या आठवड्यात. नोकरी करणाऱ्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. शिवाय वाचणाराही आठवड्याला तेवढंच पचवतो. पहिल्या पत्रात विधवा-विवाह वाचून ज्याचं डोकं तापलं, तो दुसऱ्या पत्रात व्यापाराचं वाचून निदान मान हलवू शकतो. विषय बदलत राहणं ही लेखकाची चंचलता नाही, वाचकाला धरून ठेवायची युक्तीही आहे.

पण युक्तीने पत्रं टिकत नाहीत. त्या काळची कितीतरी पत्रं आज कोणाला आठवत नाहीत. ही का टिकली?

सलग वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. विषय १०८ असले तरी प्रश्न एकच आहे. आपण हरलो का? मूठभर परके समुद्रावरून येतात आणि एवढा मोठा देश त्यांच्या ताब्यात जातो, हे झालं कसं? लोकहितवादींचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या पदरी होते. बापू १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पडले. म्हणजे पेशवाई बुडाली ही त्या घरात इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट नव्हती, जेवताना निघणारी गोष्ट असणार. त्यानंतर तीस वर्षांनी मुलगा लिहायला बसला तेव्हा तो शिक्षणावर लिहू दे, लग्नावर लिहू दे नाहीतर कापडावर, मागे तोच प्रश्न उभा. शिक्षणावर लिहिलं की उत्तर निघतं, आम्ही जग पाहिलंच नाही. जातीवर लिहिलं की उत्तर निघतं, आम्ही एक नव्हतोच. व्यापारावर लिहिलं की उत्तर निघतं, आम्ही हिशेब ठेवला नाही. आणि लोक शहाणे झाले तर अमेरिकेने केलं तसं आपणही कधीतरी आपलं राज्य करू, हेही तो लिहून जातो. ते १८५७ च्या आधी, बरं का.

चिंध्या असतातच. आजी-पणजीच्या हातची गोधडी ज्यांनी पांघरली आहे त्यांना माहीत असेल, त्यात आजोबांच्या धोतराचा तुकडा असतो, आईच्या जुन्या लुगड्याचा असतो, कोणाच्या झबल्याचाही असतो. रंगाचा रंगाशी संबंध नाही. पण दोरा एक असतो आणि टाके एका हाताचे असतात. लोकहितवादींचा दोरा हा प्रश्न होता.

आता याच्या बरोबर उलटा माणूस बघू, म्हणजे मुद्दा तपासून होईल. विष्णुशास्त्री चिपळूणकर. जन्म १८५०, म्हणजे शतपत्रे संपत होती त्या वर्षी. वडील कृष्णशास्त्री. त्यांनी सॉक्रेटिसाचं चरित्र लिहिलं, मेघदूत मराठीत आणलं, अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी आणल्या, आणि १८६१ च्या त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह'! घरातच चिंध्यांचं दुकान होतं म्हणा ना. मुलगा सरकारी शाळेत मास्तर झाला आणि १८७४ च्या जानेवारीत त्याने 'निबंधमाला' नावाचं मासिक काढलं. सात वर्षं, ८४ अंक, आणि लिहिणारा जवळजवळ एकटाच.

विषय बघा. मराठी भाषेची सांप्रतची स्थिती, विद्वत्त्व आणि कवित्व, इतिहास, भाषांतर, वाचन, वक्तृत्व, लोकभ्रम, गर्व, लेखनशुद्धी, मोरोपंतांची कविता, इंग्रजीतले डॉक्टर जॉन्सन. जॉन्सन इथे उगाच आलेले नाहीत. त्यांनी लंडनमध्ये १७५० ते १७५२ या दोन वर्षांत 'रँब्लर' नावाचं नियतकालिक आठवड्यातून दोनदा काढलं, अंक झाले २०८, आणि तेही जवळपास एकट्याने लिहिले. रँब्लर म्हणजे भटक्या. नावातच कबुली! एकट्याने, ठरल्या दिवशी, मनाला येईल त्या विषयावर लिहायचं हे वळण शास्त्रीबुवांनी ज्यांच्याकडून घेतलं त्यांत जॉन्सन आघाडीवर होते. इंग्रजांवर तुटून पडायला इंग्रजांचंच हत्यार घेतलं.

कारण विष्णुशास्त्रींचा प्रश्नही तोच होता, आपण असे का झालो. उत्तर मात्र उलटं. लोकहितवादी म्हणत, दोष आपल्यात आहे. शास्त्रीबुवा म्हणत, दोष आपल्यात आहे असं सतत ऐकवून तुम्ही लोकांचा कणाच मोडताय. म्हणून निबंधमालेत त्यांनी लोकहितवादींना इतकं झोडपलं, की पुढे कितीतरी वर्षं लोकांनी शतपत्रांची ओळख या टीकेतूनच करून घेतली असावी. शेवटचा मोठा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. शास्त्रीबुवा १८८२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. तरी १९१० मध्ये सरकारला तो निबंध जप्त करावासा वाटला आणि बंदी उठायला १९३७ साल उजाडलं. व्याकरणावर आणि मोरोपंतांवर लिहिणाऱ्या मास्तराचा निबंध, आणि तो मेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी सरकार घाबरतंय! दोरा किती पक्का होता ते यावरून कळावं.

मधल्या काळात ही गोष्ट एकट्यादुकट्याची राहिली नव्हती. १८६७ मध्ये मुंबईत रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी एक मासिक सुरू केलं, त्याचं नाव 'विविधज्ञानविस्तार'. नावात 'विविध' घालून काढलेलं हे मासिक १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं चाललं. एकच विषय धरून निघालेली किती मराठी मासिकं तेवढी जगली?

इथपर्यंत सगळं भटक्यांच्या बाजूचं झालं. आता दुसरी बाजू. ती टाळली तर हा लेख म्हणजे आपलीच वकिली होईल.

सगळ्या विषयांवर लिहिणाऱ्याला एक सवय लागते. कुठल्याही विषयावर आपण मत देऊ शकतो असं त्याला वाटायला लागतं. भाषा हाताशी असते, लिहायचा सराव असतो, महिन्याचा अंक भरायचा असतो. मग ज्या गोष्टीत आपण राहिलो नाही, जी आपण भोगली नाही, तिच्यावरही लेखणी तितक्याच झोकात चालते. निबंधमालेत हे झालं, आणि झालं ते जोतीराव फुल्यांच्या बाबतीत. 'गुलामगिरी' १८७३ चं. त्याच वर्षी सत्यशोधक समाज निघाला. विष्णुशास्त्रींनी या लिखाणाचा समाचार घेतला तो फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल करत. शूद्रातिशूद्रांना शिक्षण का नाही, शेतकऱ्याच्या घरात काय शिजतं, हे प्रश्न समोर असताना शास्त्रीबुवांनी शुद्धलेखन तपासलं. लेखनशुद्धीवर त्यांचा अधिकार होताच. पण तिथे प्रश्न लेखनशुद्धीचा नव्हता. आणि हे सांगणारं कोणी त्या मासिकात नव्हतं, कारण ८४ अंकांत लिहिणारा, तपासणारा आणि ठरवणारा एकच माणूस होता. कोड स्वतःच लिहायचं, रिव्ह्यूही स्वतःच करायचा, मग बग सापडणार कसा?

आता फुल्यांकडे बघा. त्यांनीही काय एक विषय धरला का? नाटक लिहिलं, शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, अखंड लिहिले, सरकारला निवेदनं दिली. आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३)! तो उघडला की त्यात शेतसारा आहे, कचेरीतले कारकून आहेत, जंगलखात्याने बंद केलेली गुरांची कुरणं आहेत, पावसाने वाहून जाणारी माती अडवायला बांध घालायची सूचना आहे, विहिरी-तलावांचं पाणी आहे, गुरांच्या जातीची निगा आहे, लग्नातला खर्च आहे, शाळा आहे. आज यातल्या एकेका मुद्द्यावर स्वतंत्र खातं आहे आणि स्वतंत्र पदवी आहे. पण फुल्यांनी ते विषय निवडून आणलेले नाहीत. ते एका शेतकऱ्याच्या मागे मागे चालत गेले आणि तो जिथे जिथे अडला तिथे तिथे थांबले. शेतकऱ्याचं आयुष्य काही विद्यापीठाच्या विभागांप्रमाणे कापलेलं नसतं. त्याला सारा, कारकून, बैल आणि लग्न एकाच वर्षात भेटतात. त्याच्याबद्दल खरं लिहायचं तर एका विषयात राहून चालतच नाही.

असूडाचे पहिले काही भाग 'दीनबंधु'त छापून आले आणि पुढचे छापायला संपादकांनी नकार दिला. म्हणजे आपल्याच माणसांच्या पत्रातही सगळंच चालत नाही. तरी फुल्यांनी पुस्तक पुरं केलंच.

तेव्हा माझा हिशेब असा आहे. विषय एक आहे की अनेक, याने लेखन चांगलं-वाईट ठरत नाही. दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे दोरा आहे का, एखादा प्रश्न लिहिणाऱ्याला खरोखर छळतो आहे का. लोकहितवादींना छळत होता, शास्त्रीबुवांना छळत होता, म्हणून दोघांच्या चिंध्यांचं काहीतरी झालं. ज्याला काहीच छळत नाही त्याने एकच विषय धरला तरी त्याचा भारा चिंध्यांचाच राहतो, फक्त सगळ्या एका रंगाच्या.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. नवीन विषयात शिरताना आपण तिथल्या माणसाला विचारतो का? फुले शेतकऱ्याला विचारून आले होते, शास्त्रीबुवा फुल्यांना विचारून आले नाहीत. दोघांची भाषा समोरासमोर ठेवली तर शास्त्रीबुवांची नक्कीच जास्त घोटीव निघेल. पण आज शेतीवर बोलताना लोक असूड उघडतात. त्या टिंगलीची पानं कोणी उघडलीच तर ती शास्त्रीबुवांचं कुठे चुकलं हे दाखवायला. दीडशे वर्षांनी वाचक असा हिशेब लावतो, आणि त्यात व्याकरणाचे मार्क फार नसतात.

स्पेशलायझेशन आलं ते याच गरजेतून आलं असं मला वाटतं. त्याला शिव्या द्यायचं कारण नाही. १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' निघालं. ते काढणाऱ्यांत विष्णुशास्त्री स्वतः होते, हेही लक्षात ठेवायला हवं. जुन्या बखरी आणि कविता मुळातून छापायच्या, एवढंच काम. मग राजवाडे आले. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' एकामागून एक, बावीस खंड. आता पेशवाई का बुडाली यावर मत देण्याआधी कागद बघणं भाग झालं. पण खुद्द राजवाडे तरी कुठे एका जागी बसले? ज्ञानेश्वरीची जुनी पोथी शोधून तिचं व्याकरण लिहिलं, गावांची आणि माणसांची नावं तपासली, विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिलं. फरक एवढाच, की प्रत्येक ठिकाणी पायी जाऊन, दप्तरं उपसून, मग लिहिलं. (निष्कर्ष सगळेच टिकले असं नाही, पण तो वेगळा लेख होईल.)

असो. म्हणीत खोट नाही. भाराभर चिंध्या गोळा केल्या की घरात पसारा होतोच. फक्त पुढच्या वेळी कोणी ती ऐकवली, तर दोरा कुठला आणि कापड कोणाच्या घरातून आणलं, हे दोन प्रश्न आपले आपल्यालाच विचारावेत. उत्तरं देता आली तर खुशाल शिवत बसावं. थंडीत गोधडी उपयोगी पडते, अखंड कापडाचं ठाण नुसतं कपाटात राहतं.